लॉईडसाहेबाची धरणे आणि मावळची जमीन

इंग्रज होते म्हणून रेल्वे आली, इंग्रज होते म्हणून धरणे झाली, अशी वाक्ये मराठी सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात आजही मोठ्या निर्धास्तपणे उच्चारली जातात. उच्चारणाऱ्याला तपशील विचारला तर तो सहसा गडबडतो. जे थोडे अभ्यासू असतात ते मात्र एक नाव पुढे करतात. सर जॉर्ज लॉईड. डिसेंबर १९१८ ते डिसेंबर १९२३ या पाच वर्षांत हा गृहस्थ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. भाटघरच्या धरणाला त्याचे नाव दिले गेले, सिंधमधील सक्करच्या प्रचंड बंधाऱ्याला त्याचे नाव दिले गेले, मुंबईच्या बीडीडी चाळी त्याच्या आमदानीत उभ्या राहू लागल्या आणि बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढण्याची योजना त्यानेच धडाक्याने हाती घेतली. इंग्रज चरित्रकारांनी त्याचा गौरव केला, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडील विद्वानही जेव्हा त्याच सुरात 'बांधकामे करणारा कर्तबगार गव्हर्नर' म्हणून त्याची आरती ओवाळतात, तेव्हा मात्र या कर्तबगारीचा हिशेब एकदा मावळच्या मातीत बसून तपासणे भाग पडते.

त्यासाठी फार दूर जायला नको. लोणावळ्याला लागूनच औंढे हे गाव आहे. पूर्वेला लोहगड-विसापूरची जोडी, उत्तरेला बोरघाट चढून आलेली लोहमार्गाची वाट, आणि आसपास वळवण, लोणावळा, शिरवता ही टाटांच्या जलविद्युत योजनेची तळी. पावसाळ्यात पुण्या-मुंबईची कुटुंबे या पाण्याकडे बघत कणसे खातात आणि ही सृष्टीची देणगी आहे असे समजून परततात. सृष्टीची देणगी म्हणजे पाऊस. तळी माणसांनी केलेली आहेत आणि त्यांच्या तळाशी माणसांचीच खाचरे आहेत. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यापाठोपाठ आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीची वीज सुरू झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे आणि निसर्गतः पूर्वेला वाहणारे पाणी अडवून, ते पश्चिमेला कोकणात कोसळवून वीज काढण्याची ही युक्ती होती. कल्पना नि:संशय बुद्धिमान होती, आणि ती एका हिंदी उद्योगपतीची, जमशेटजी टाटांची होती. 'इंग्रजांनी वीज आणली' म्हणणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे.

औंढ्यावरून दक्षिणेला पवन मावळ ओलांडला, तुंग-तिकोना मागे टाकले, की पलीकडे मुळशीचे खोरे लागते. नीला आणि मुळा यांच्या संगमापाशी तिसरे, सर्वांत मोठे धरण बांधण्याचे ठरले. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. पन्नासच्या वर गावे आणि सुमारे ११ हजार माणसे या योजनेच्या छायेत आली. हे खोरे आंबेमोहोर तांदळाचे. इथला कुणबी गरीब होता, कर्जात होता, पण शिवछत्रपतींच्या सैन्यात पिढ्यान् पिढ्या गेलेल्या घरांचा वंशज होता आणि ती गोष्ट तो विसरलेला नव्हता.

याच वेळी मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीवर लॉईड बसलेला होता.

हा लॉईड कोण? जन्म १८७९ चा, वॉरिकशायरमधल्या एका सधन कारखानदार घराण्यातला. शिक्षण ईटन आणि केंब्रिज येथे. केंब्रिज मात्र पदवी न घेताच सोडलेले. ऐन उमेदीत तो मध्यपूर्वेत भटकला, कॉन्स्टँटिनोपलच्या वकिलातीत बिनपगारी काम केले, आणि १९१० मध्ये युनियनिस्ट पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून आला. पहिल्या महायुद्धात खासदारकी बाजूला ठेवून तो लढायला गेला. गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला, कैरोच्या अरब ब्युरोत हेरगिरीचे आणि मसलतीचे काम केले, १९१७ च्या शरद ऋतूत लॉरेन्सबरोबर उंटावरून वाळवंटात काही मजलाही मारल्या. माणूस भित्रा नव्हता, आळशी नव्हता, लाचखाऊ तर नव्हताच. हे सारे मान्य करूनच पुढे बोलायचे आहे. परकीय सत्तेविरुद्धची तक्रार तिचे अधिकारी नालायक होते म्हणून नसते. ते लायक असले तरी त्यांची लायकी कोणाच्या कामी येते, एवढाच तिथे प्रश्न असतो.

एकोणचाळिसाव्या वर्षी हा तरतरीत लष्करी गडी दोन कोटींच्या आसपास प्रजेचा अधिपती म्हणून मुंबईत उतरला. चार महिन्यांत रौलट कायद्याविरुद्ध देश पेटला. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन हे स्वतः इंग्रज. एप्रिल १९१९ मध्ये त्यांना उचलून जहाजावर घालून विलायतेला रवाना करण्यात आले. चौकशी नाही, खटला नाही. एका गोऱ्या संपादकाची ही गत, तर पौडच्या पलीकडच्या कुणब्याची काय होणार, याचा अंदाज तेव्हाच यायला हवा होता.

मुळशीच्या प्रश्नात गव्हर्नरचा काय संबंध, ते तर टाटांचे धरण, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. या युक्तिवादातच सारी मेख आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपन्यांसाठी जमीन घेण्याचे एक स्वतंत्र प्रकरण होते. त्यानुसार सरकारच्या पूर्वसंमतीखेरीज कंपनीला या कायद्याखाली एक गुंठाही मिळू शकत नव्हता. काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री पटली पाहिजे, कंपनीने सरकारशी करार केला पाहिजे, मग सरकारने जाहीरनामा काढायचा. आणि एकदा जाहीरनामा निघाला, की जमीन सार्वजनिक कामासाठी हवी आहे याचा तोच निर्णायक पुरावा! शेतकऱ्याने न्यायालयात जायचे ते केवळ भाव वाढवून मागण्यासाठी. 'माझी जमीन का घेता' हा प्रश्न विचारण्याची सोयच कायद्याने ठेवली नव्हती. म्हणजे भांडवल टाटांचे, धरण टाटांचे, पण मालकाची मर्जी नसताना त्याच्या पायाखालची जमीन काढून घेणारा हात सरकारचा. त्या हाताचा धनी लॉईड.

१९१९ च्या सुधारणांनी इलाख्यांत द्विदल राज्यपद्धती आणली, हिंदी मंत्री आले, असे पाठ्यपुस्तकात आपण वाचतो. पण जमीनमहसूल, पाटबंधारे, पोलीस आणि तुरुंग ही खाती 'राखीव' होती. ती मंत्र्यांकडे नव्हती, गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे होती. मुळशीच्या माणसाचा ज्या ज्या खात्याशी संबंध येणार होता, ते प्रत्येक खाते लॉईडच्या मुठीत होते. जमीन मोजायला येणारा त्याचा, ताबा घ्यायला येणारा त्याचा, बेड्या घालणारा त्याचा आणि ज्या तुरुंगात नेणार तो तुरुंगही त्याचाच.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून माणसे उभी केली होती. शंकरराव देव, डॉ. फाटक, शि. म. परांजपे, न. चिं. केळकर अशी पुण्याची मंडळी पाठीशी आली. आणि त्यांत होता पांडुरंग महादेव बापट नावाचा पारनेरचा एक माणूस. 'जान किंवा जमीन' ही घोषणा त्याची. याच लढ्याने त्याला सेनापती हे नाव दिले. गांधीजींनीही त्या महिन्यात 'यंग इंडिया'त लिहून टाटांना विनंती केली की, कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून बसण्यापेक्षा त्यांनी लोकांशी बोलून त्यांची समजूत पटवावी. कंपनीने काम काही महिन्यांपुरते थांबवले. खोऱ्यात आनंदीआनंद झाला. जिंकलो, असे लोकांना वाटले.

तो आनंद पावसाळ्याबरोबर ओसरला. त्या काही महिन्यांत सरकारने काय केले? गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम पुण्याला गणेशखिंडीत असे. आज जिथे विद्यापीठ आहे, तो हा राजप्रासाद. तिथून मुळशी एका दिवसाच्या फेरीची. शेकडो शेतकरी आपली उभी पिके सोडून धरणावर का बसले, हे जाऊन पाहण्याची सवड इलाख्याच्या प्रमुखाला काढता आली असती. बॅकबेचे नकाशे तपासायला, सक्करचे आराखडे मंजूर करून घ्यायला सवड होतीच. पण मुळशीच्या वाट्याला संवाद आला नाही, भूसंपादनाचे कागद आले. डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा कायद्याची बाजू पुरती बांधून झालेली होती. दुसरा सत्याग्रह उभा राहिला आणि आता धरपकड सुरू झाली. बापटांना शिक्षा झाली. खेड्यातल्या बायका, पाठीवर मूल घेऊन, तुरुंगात गेल्या. जाईबाई भोईटे या मावळणीचे नाव त्या लढ्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. महाराष्ट्रातल्या किती शाळांत ते मुलींना सांगितले जाते?

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती न सांगता केवळ साहेबाला आणि कंपनीला दोष देणे म्हणजे अर्धा हिशेब लिहिणे होईल. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी गहाण पडलेल्या होत्या. कागदोपत्री मालक वा गहाणदार पुण्याचा आणि पौडचा सावकार, कसणारा कुणबी. नुकसानभरपाई कागदाप्रमाणे मिळते, घामाप्रमाणे मिळत नाही. रोख रक्कम मिळण्याची शक्यता दिसताच सावकारांच्या मनातले धरण बांधून पूर्ण झाले. डोंगरातल्या खाचराचा खंड वसूल करत बसण्यापेक्षा एकरकमी पैसा त्यांना सोयीचा होता. ही माणसे परकी नव्हती, आपलीच होती. शिकलेली, पगडी-उपरण्याची, सार्वजनिक सभांना वर्गणी देणारी. सत्याग्रहाची कंबर पोलिसांच्या लाठीने जितकी मोडली, तितकीच या घरभेदाने मोडली. समाज एकसंध नसला की परक्या राज्यकर्त्याला फारसे कष्ट पडत नाहीत, आणि लॉईडला मुळशीत फारसे कष्ट पडले नाहीत.

मार्च १९२२ मध्ये महात्मा गांधींना अटक होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्यास आणण्यात आले. १९२१ मध्ये अंदमानातून हलवलेले स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीच्या तुरुंगातून पुढे येरवड्यालाच आले. बापटही येरवड्यालाच होते. ज्यांचे मार्ग एकमेकांपासून इतके भिन्न, त्या तिघांना एका भिंतीआड आणण्याचे श्रेय लॉईडच्या या बांधकामांच्या कारकिर्दीलाच द्यावे लागेल!

आता त्या बांधकामांकडे वळू. बॅकबेत समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढायची होती. गाळ उपसणाऱ्या यंत्रनौकेचे नावच 'सर जॉर्ज लॉईड' ठेवले होते. स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या कारकिर्दीत. यंत्राने उपसलेला गाळ भिंतीआड ओतायचा आणि भिंतीतून तो पुन्हा समुद्रात निसटायचा. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि जमीन काही वर येईना. खुर्शीद नरिमन या पारशी वकिलाने या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. विकास खात्यातील हार्वे या बड्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीची फिर्याद केली, आणि न्यायालयात नरिमन निर्दोष सुटले. १९२६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. तोवर लॉईडसाहेब केव्हाच बोटीने निघून गेलेले होते. मुंबईकरांनी या योजनेला 'लॉईडचा मूर्खपणा' असे नाव ठेवले, ते कोणत्याही पाटीवर कोरलेले नाही.

बीडीडी चाळींचे तसे नव्हते. त्यामागचा हेतू बरा होता. कामगारांना घरे हवी होती. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभारायचा आणि ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती झाल्या, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. १६० चौरस फुटांच्या त्या काँक्रीटच्या खोल्यांचे भाडे गिरणीकामगाराला परवडेना, म्हणून प्रारंभी त्यांतल्या हजारो रिकाम्या राहिल्या. पुढे १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळी सत्याग्रहींना डांबायला तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोगी पडल्या. त्यानंतर मात्र मराठी कष्टकऱ्यांनी याच खोल्यांत संसार थाटले, भजनी मंडळे काढली, तालमी चालवल्या, गणेशोत्सव केले. त्या चाळींना जी काही शोभा आली ती राहणाऱ्यांनी आणली.

सक्करचा बंधारा हे काम मात्र खरोखरच अफाट. २४ ऑक्टोबर १९२३ रोजी लॉईडने त्याचा कोनशिला समारंभ केला, १३ जानेवारी १९३२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. १९३६ मध्ये तो वेगळा काढला गेला आणि १९४७ मध्ये पाकिस्तानात गेला. बंधारा बांधला म्हणून तिथली हिंदू घरे तिथे टिकली असे काही झाले नाही.

मुंबई सोडल्यानंतर हा माणूस काय करत होता, हेही पाहण्यासारखे आहे. कारण गव्हर्नर असताना जे पडद्याआड होते ते पुढे उघड झाले. १९२५ मध्ये तो लॉर्ड झाला आणि उच्चायुक्त म्हणून इजिप्तला गेला. इजिप्तमध्ये १९२६ च्या निवडणुका झगलूल पाशांच्या वफ्द पक्षाने जिंकल्या. त्यांनी पंतप्रधान होऊ नये म्हणून लॉईडने दबाव आणला, युद्धनौका बोलावली. ज्याला निवडणुकीने बहुमत मिळाले त्याने राज्य करू नये, हे याचे लोकशाहीचे ज्ञान. अखेर १९२९ मध्ये खुद्द इंग्लंडच्या मजूर सरकारला हा माणूस झेपेना आणि परराष्ट्रमंत्री हेंडरसन यांनी त्याला राजीनामा द्यायला लावले. त्यानंतरची पाच-सहा वर्षे लॉर्ड लॉईडने चर्चिलच्या खांद्याला खांदा लावून घालवली. कशासाठी? हिंदुस्थानला १९३५ च्या कायद्याने मिळणारे प्रांतिक स्वायत्ततेचे तुकडेही मिळू नयेत म्हणून. ज्या देशात द्विदल राज्यपद्धतीचा पहिला प्रयोग त्याच्याच हातून सुरू झाला, त्या देशाला राज्य करता येणार नाही हे त्याचे मत पाच वर्षांच्या अनुभवानेही बदलले नव्हते. किंवा ते मत घेऊनच तो आला होता, असे म्हणणे अधिक खरे.

आणि मग दुसरे महायुद्ध. हिटलरचा धोका ओळखणाऱ्या थोड्या इंग्रज पुढाऱ्यांत लॉईड होता, हे त्याच्या बाजूने नोंदवावे लागेल. मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाला आणि त्याने लॉईडला वसाहतमंत्री केले. जूनमध्ये फ्रान्स कोसळत असताना लॉईड बोर्डोला गेला. फ्रेंचांनी गुडघे टेकू नयेत, आपल्या भूमीसाठी, निदान समुद्रापलीकडून तरी लढत राहावे, म्हणून तो त्यांची मनधरणी करत होता. परकीय सत्तेपुढे मान तुकवणे ही नामुष्की आहे, आपली भूमी सोडू नये, हे त्या वेळी त्याला किती स्वच्छ कळत होते! हीच गोष्ट १९२१ मध्ये मुळशीचा अडाणी कुणबी सांगत होता, तेव्हा मात्र ती कायदा व सुव्यवस्थेची बाब झाली होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये, अधिकारावर असतानाच, लॉईड मरण पावला.

त्याच्या कारकिर्दीशेजारी बापटांची ठेवून पाहावी. दोघे जवळजवळ एका वयाचे; लॉईडचा जन्म सप्टेंबर १८७९ चा, बापटांचा नोव्हेंबर १८८० चा. लॉईड केंब्रिजला गेला तो घरच्या पैशावर. बापट एडिंबरोला गेले ते शिष्यवृत्तीवर, आणि हिंदुस्थानच्या दास्याविरुद्ध बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली. लंडनमध्ये ते सावरकरांच्या सहवासात आले, पॅरिसला जाऊन बाँबविद्या शिकले, परत आल्यावर कित्येक वर्षे अज्ञातवास आणि कैद. मग टिळकांच्या 'मराठा'त काम, आणि मग मुळशी. एक एक सहकारी निघून जात राहिला, पुण्यातला उत्साह आटला, खोऱ्यातले लोक थकले, पण बापट हटले नाहीत. डिसेंबर १९२४ मध्ये चार-दोन साथीदारांना घेऊन त्यांनी कंपनीची गाडी अडवली, पिस्तूल चालवले, आणि सात वर्षांची सक्तमजुरी घेतली. लॉईड तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याच्या जागी लेस्ली विल्सन आला होता. खुर्चीवरचा माणूस बदलल्याने मुळशीच्या नशिबात काही फरक पडला नव्हता. बापट १९३१ मध्ये सुटले. तोवर धरण भरले होते. १९२७ मध्येच भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज जाऊ लागली होती.

अलीकडे मुळशीचा उल्लेख 'जगातील पहिली धरणविरोधी चळवळ' असा करण्याची रीत पडली आहे. त्यात गौरव आहे, पण थोडी दिशाभूलही आहे. मावळ्यांचे भांडण काँक्रीटशी किंवा विजेच्या दिव्याशी नव्हते. आम्हाला न विचारता आमची जमीन घेणारे तुम्ही कोण, एवढाच त्यांचा सवाल होता. हा सवाल स्वराज्याचा होता. तो पर्यावरणाच्या कपाटात नेऊन ठेवला की मग राज्यकर्त्यांना फारशी अडचण होत नाही, मग ते राज्यकर्ते परके असोत की घरचे.

घरचे, हा शब्द मुद्दाम वापरला आहे. इंग्रज गेले आणि १८९४ चा कायदा राहिला. दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा तोच. जिचे काम लोकोपयोगी ठरायचे त्या सरकारनेच ते ठरवायचे, आणि शेतकऱ्याने भावाविषयी भांडायचे, ही रीत स्वतंत्र भारतात सहा दशके बिनबोभाट चालली. मावळात पवनेचे धरण झाले ते याच रिवाजाने. त्याच पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे मावळचे शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. तेव्हाही १८९४ चा कायदाच अमलात होता. त्याच्या जागी संसदेने २०१३ मध्ये नवा कायदा केला. तो १ जानेवारी २०१४ रोजी लागू झाला आणि खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती आवश्यक ठरली. रामनवमीच्या त्या सकाळी मुळशीचे मावळे जे मागत होते, ते कायद्याच्या पुस्तकात यायला ९२ वर्षे लागली.

भाटघरच्या जलाशयाला आता येसाजी कंकांचे नाव आहे. लॉईडचे नाव तिथून गेले, हे उत्तमच झाले. पण पाटी बदलली म्हणजे हिशेब मिटला असे नाही. मुळशी धरणाच्या काठी ज्यांची घरे वर सरकली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या गावठाणाचे आणि जमिनीच्या हक्काचे प्रश्न एका शतकानंतरही धसास लागलेले नाहीत. मुंबईत माहीमपासून लोअर परळकडे जाणाऱ्या तुळशी पाइप रस्त्याला सेनापती बापटांचे नाव देण्यात आले आहे. त्या रस्त्याच्या कडेने एल्फिन्स्टन, ज्युपिटर, कमला, फिनिक्स अशा गिरण्या उभ्या होत्या. मुंबईच्या याच गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली. आज त्या जागांवर काचेच्या कचेऱ्या आणि खरेदीची दुकाने आहेत आणि खाली बसथांब्यावर 'सेनापती बापट मार्ग' असे लिहिलेले आहे.